एका हाताने लावायची चेन

पाकिस्तानशी लढाई झाली त्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंनी सबंध आठवडा आपला उजवा हात जुन्या साडीच्या काठाने कमरेशी बांधून ठेवला होता. हाताला काहीही झालेलं नव्हतं. परात दोन्ही पायांत धरून त्या डाव्या हाताने कणीक मळायच्या. वेणी घालायला लागायच्या आणि वैतागून केस तसेच सोडायच्या. गल्लीत कुणी विचारलं, "काकू, हात मोडला का?" तर म्हणायच्या, "नाही गं. उसना दिलाय. आठ दिवसांनी येईल परत."

मुलांनो, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तू पाहिलेलं सगळ्यात हुशार माणूस कोण?" तुम्हाला वाटलं असेल मी कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांचं नाव घेईन. मी दोन दिवस विचार केला. माझं उत्तर या काकू आहेत. त्या चौथी शिकलेल्या होत्या.

आम्ही तेव्हा हिंदी मुलखात, कांचघरला राहत होतो. काकूंची आणि आमची भिंत एक होती. त्यांच्याकडे हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं आणि काम करताना त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. कुणी तक्रार घेऊन आलं की त्या बोट वर करायच्या, एकेक टाचणी काढून उशीत खोचायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, चलो. आता भांडू." तोवर समोरच्याचा राग निम्मा झालेला असायचा. माझी आई म्हणायची, वहिनींना टाचण्यांची गरज कापडासाठी कमी आणि माणसांसाठी जास्त आहे.

काका लष्करी सामानाच्या फॅक्टरीत खरादावर, म्हणजे लेथवर होते. लढाईचे दिवस, पाळीवर पाळी चाललेली. एक दिवस त्यांचा उजवा हात यंत्रात सापडला. मनगट राहिलं, बोटं गेली. जखम भरली तसा त्यांनी तो हात गमछ्याखाली झाकला आणि पुन्हा कुणाला दाखवला नाही. फॅक्टरीने त्यांना हलकं काम देऊ केलं, सामानाच्या दाराशी बसून पास तपासायचं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. काका म्हणाले, "मी नाही जात. मला दरवान करून राहिले." सगळ्यांना वाटलं, मानी माणूस आहे, त्याला कमीपणा वाटतो.

काकूंना तसं वाटलं नाही. त्यांच्या लक्षात दुसरंच आलं होतं. दवाखान्यात जायचं असलं की काका आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नसत. लग्नाला गेले तर चहासुद्धा नको म्हणत. घरी लुंगी असायची, पण बाहेर जायला पँट, आणि त्या काळच्या पँटला पुढे चार-पाच बटणं असायची. उजव्या हाताला बोटं नसलेला माणूस आठ तासांच्या ड्युटीत ती बटणं कुणाकडून लावून घेणार होता? काकूंनी हे नवऱ्याला कधीच विचारलं नाही. मला म्हणाल्या, "विचारलं तर 'तसं काही नाही' म्हणतील. मग ते 'नाही' जपण्यातच त्यांचा जन्म जाईल."

आधी त्या बाजारातल्या शिंप्याकडे गेल्या. बटणांऐवजी चेन लावलेल्या पँटी तेव्हा नुकत्या दिसू लागल्या होत्या. शिंपी म्हणाला, "भाभीजी, चेन तो लगा दूँ, पर चेन दो हाथ का काम है. एक से नीचे पकड़ो, दूसरे से खींचो." दुसरी बाई रडत घरी आली असती. काकू येऊन म्हणाल्या, "खरं बोलला तो. सरळ चेन नाही चालणार." आणि हात बांधून बसल्या. एका हाताचा माणूस काय काय करू शकतो आणि कुठे अडतो, हे त्यांना स्वतःच्या अंगावर पाहायचं होतं.

इथे माझा प्रवेश झाला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वर्गात इंग्रजीत पहिली, आणि माझ्याकडे शिवणकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची, काकू हात सोडून तेवढं शिवायच्या. चेन जिथे यायची ती जागा पुस्तक आधी कच्च्या टाक्यांनी पूर्ण बंद करायला सांगत होतं. मग आतून चेन जोडायची, बाहेरून खाली वळत जाणारी टीप घालायची आणि सगळं झाल्यावर कच्चे टाके उसवायचे. टाके निघाले, पँट बरोबर तेवढीच उघडली. काकू खूश झाल्या. "अच्छा! उघडायचं ते आधी बंद शिवायचं. लिहिणारी डोक्याची आहे हं."

मग उजवा हात पुन्हा बांधून त्यांनी ती पँट परकरावरून चढवली. माझी आई हसून हसून खाली बसली. चेन दोन बोटं वर गेली, कापड गोळा झालं आणि चेन तिथेच रुतली. काकूंनी पाच-सहा वेळा करून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातल्या माणसाला दोन हात आहेत, पोरी. मिटव ते."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्यानंतर काकूंनी जे केलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुरुषांच्या पँटची झाकणारी पट्टी उजव्या हाताच्या सोयीने असते. त्यांनी ती उलटी केली, डावा हात सरळ आत जाईल अशी. आई म्हणाली, "अहो वहिनी, ही तर बायकांची झाली! लोक काय म्हणतील?"

"लोक तिथं पाहून राहिले असतील ना ताई, तर लोकांनीच लाजावं."

कापड गोळा होऊ नये म्हणून त्यांनी पट्टीच्या आत कॉलरला घालतात ते कडक बकरम घातलं. चेनेच्या दातांवर मेणबत्ती घासली. ओढायच्या टोकात पडद्याची छोटी पितळी कडी अडकवली, एक बोट जाईल एवढी. तीच पँट चार वेळा उसवली. शेवटी पुढच्या भागाची चाळणी झाली तेव्हा तो तुकडाच नवा कापला. एवढं करूनही खालचं टोक धरायला काहीतरी हवंच होतं. मी म्हटलं, "काकू, आतून एक बंद लावा, मांडीला बांधायचा. मग धरावं लागणार नाही."

त्यांनी टाचण्या काढल्या. "तो मी परवाच करून पाहिला. होते त्यानं."

"मग काहून नाही लावत?" मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"त्या हातालाही काही काम नको का गं? तीन महिने झाले, मेल्यासारखा झाकून ठेवलाय." आणि त्यांनी चेनेच्या खालच्या टोकाशी बकरमचा एक चपटा तुकडा शिवला, मनगटाने मांडीशी दाबून धरता येईल असा.

मी पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिले. मला सतरावं लागलं होतं. शिकलेली मी होते, पण समोर जे चाललं होतं ते समजायलाच मला वेळ लागत होता.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी ती पँट काकांच्या खाटेवर ठेवली. एवढंच म्हणाल्या, "खालची पट्टी मनगटानं दाबायची, कडी डाव्या बोटानं ओढायची. मी बाहेर आहे." काका पँट घेऊन आत गेले आणि दाराची कडी लागली. काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या. आई आणि मीही तिथेच होतो. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग काहीतरी धाडकन पडलं. आई उठली. काकूंनी सुपावरची नजर न काढता तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. आणि मग चेनेचा आवाज आला, एका दमात खालून वर. थांबला. वरून खाली. पुन्हा वर.

काका बाहेर आले. गमछा आतच राहिला होता. त्यांचा तो हात मी पहिल्यांदा पाहिला. ते म्हणाले, "खाली थोडी अडकते."

काकू म्हणाल्या, "मेण लावते."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा कामगारांच्या सायकलींच्या लोंढ्याच्या कडेने काका पायी चालत गेले, चहा पिऊन. पुढे सतरा वर्षं त्यांनी ती नोकरी केली. लढाईनंतर कुठून कुठून बायका काकूंकडे यायच्या, एक तर पार कुंडमहून आली, जखमी नवऱ्याची पँट घेऊन. काकू आधी विचारायच्या, "कोणता हात?" आणि म्हणायच्या, "आठ दिवस तुझा तोच बांध. मग ये." काही परत आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांना काकूंनी स्वतः शिवून दिलं नाही, शेजारी बसवून शिकवलं.

काका गेल्यावर त्या महाराजपूरला मुलाकडे राहायला गेल्या. मी शेवटची भेटले तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं, पण आवाज तोच होता. मी त्यांना त्या पँटची आठवण करून दिली. ती उलटी पट्टी, ते बकरम, चार वेळा उसवणं, सगळं मी क्रमाने सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. मी विचारलं, "काकू, त्यातलं सगळ्यात अवघड काय होतं? ती चेन बसवणं?"

"चेन कसली गं बाई," त्या म्हणाल्या. "हे आत होते, कडी लावलेली, अन् काहीतरी पडलं. मी उठली नाही. ते."