भोंगा बंद ठेवलेली आळी

भोंगेकाकांचा आवाज असा, की जेवताना मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटावं मिठाचा सेल लागलाय. तीनचाकी टेंपोच्या टपावर कर्णा बांधून ते गावभर फिरायचे. पाणी बंद, चादरी स्वस्त, कुत्रा हरवला, काहीही असो, शेवटचा शब्द दोनदा म्हणायची त्यांना खोडच होती. "उद्या सकाळी पाणी येणार नाही, नाही." बायको सांगायची, मला बघायला आले तेव्हाही हे "पसंत आहे, आहे" असंच म्हणाले होते.

एका खालच्या आळीत मात्र हा भोंगा बरीच वर्षं वाजला नव्हता. तिथे त्यांची मुलगी दिली होती. सोयरीक ठरताना व्याह्यांनी सहज कामाचं विचारलं आणि काका बोलून गेले, मी प्रसिद्धी खात्यात असतो. व्याही निवृत्त मास्तर, भिंतभर पुस्तकांचं कपाट. त्या कपाटापुढे कर्ण्याचं नाव काढायला जीभच रेटेना. तेव्हापासून आळीचं तोंड आलं की काका भोंगा बंद करायचे, टोपी नाकापर्यंत ओढायचे आणि टेंपो गपचूप पुढे काढायचे. पाणी जाणार असेल तर मुलीला फोन करायचे, ती शेजारीपाजारी सांगायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग वीज कंपनीचं काम आलं. गावावरून उच्चदाबाची लाइन जाणार होती, मनोरे कुठून न्यायचे यावर लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या सभागृहात जनसुनावणी ठेवली होती. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागली होती. ती वाचली फक्त शिपायानं, तीही उलटी तर चिकटली नाही ना हे बघायला. बाकी सगळी भिस्त काकांवर. त्यांनी वरची आळी दणाणून सोडली. खालच्या आळीत भोंगा नेहमीसारखा बंद. मुलीला फोन करायचं मनात होतं, ते मनातच राहिलं.

सुनावणीला माइकही काकांचाच होता. ते तो धरून रांगेरांगेतून फिरत होते. वरची आळी झाडून आली होती. गच्चीवरून तारा जाणार, घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही, मुलं पतंग कुठे उडवणार, एकेकानं साहेबांना भंडावून सोडलं. शेवटी कंपनीच्या इंजिनिअरनं नकाशावरची लाल रेघ सोडून निळी धरली. निळी रेघ खालच्या आळीवरून जात होती. मास्तरांच्या घरामागे मनोऱ्याचा चौकोन काढलेला काकांना लांबूनही दिसला. खालच्या आळीचं कोणी आहे का, असं सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं. खुर्च्या गप्प.

"म्हणजे त्यांची हरकत नाही," इंजिनिअर म्हणाला.

बाईंनी काकांकडे बघितलं. "काका, सगळीकडे फिरला होतात ना?"

"फिरलो, फिरलो," काका म्हणाले.

टेंपो तर फिरलाच होता. कारकुनानं ते लिहून घेतलं. वरच्या आळीतल्या एका आजीबाईंनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तुमच्या आवाजामुळे आम्हाला कळलं हो, नाहीतर डोक्यावर मनोरा उभा राहीपर्यंत पत्ता नसता. काकांचे कान तापले. पाठीवरचा तो हात त्यांना सहन होईना. बाई सह्या करायला वाकल्या आणि काकांनी माइक त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाशी नेला.

"थांबा मॅडम. खालच्या आळीत मी भोंगा बंद ठेवला होता."

का, असं बाईंनी विचारलं. सगळ्या सभागृहापुढे सांगावं लागलं, की तिथे मुलगी दिलीय आणि सासरच्यांना माझा धंदा माहीत नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. इंजिनिअर हसला नाही, त्यानं नकाशाची गुंडाळी केली. बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, सोमवारी पुन्हा सुनावणी होईल, तुम्ही आत्ता जा आणि त्या आळीला सांगा.

भर दुपारी टेंपो खालच्या आळीत शिरला. भोंगा सुरू झाला तशी दारं उघडली. व्याही ओट्यावर आले, मागे विहीणबाई, त्यांच्यामागे मुलगी, पदराचं टोक दातात धरून. काकांनी टेंपो थांबवला. मी हेच काम करतो, असं ते खाली बघत पुटपुटले.

"ते माहीत आहे हो," व्याही म्हणाले. "तुमचा आवाज चार आळ्या ओलांडून येतो. तुम्हाला अवघड वाटेल म्हणून आम्ही कधी विषय काढला नाही. आमच्या कामाचं असलं की सूनबाईंकडून निरोप येतोच, अशा भरवशावर होतो."

काकांनी मुलीकडे बघितलं. तिनं मान वळवली. या वेळी निरोप आला नव्हता, हे तिथे कुणी बोलून दाखवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कसली सुनावणी म्हणालात?" विहीणबाईंनी विचारलं. "भोंग्यातून नीट कळलं नाही. इथे येऊन सांगा."

काका खाली उतरले. माइक टेंपोतच राहिला. ते ओट्याशी येऊन उभे राहिले. त्यांनी खाकरून सुरुवात केली. मनोरा तुमच्या घरामागे येणार आहे, हे ते इतक्या हळू बोलले, की विहीणबाईंना पायरी उतरून कान पुढे करावा लागला.