दरीत सोडवलेली हरताळका

एकोणनव्वद साली मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला मुलाकडे सहा महिने राहिले. सोमवारच्या सुट्टीला जोडून सगळ्यांनी सहा तासांवरची एक दरी बघायला जायचं, असं मुलाने ठरवलं. रविवारी हरताळका होती. सून दबकत म्हणाली, "पुढच्या आठवड्यात जाऊ या का?"

"लाँग वीकेंड परत येत नाही," तो म्हणाला. "उपास काय, गाडीतही होतो."

सुनेचा उपास पाण्याशिवायचा, तिच्या माहेरची पद्धत. मी जन्मभर हरताळकेला चहा पीत आले, नवरा ठणठणीत होता. मी तिला तसं सांगितलंही. ती नुसती हसली.

ती दरी म्हणजे लाल मातीची भाजलेली भट्टी. कुठे झाड नाही, सावली नाही, पायाखाली सुटे दगड. मुलगा कॅमेरा घेऊन पुढे. मागे आठ वर्षांची नात, मग मी, सगळ्यात मागे सून. दरीच्या तळाशी पोचलो तेव्हा सून खाली बसली. ओठ पांढरे, अंगाला घाम नाही. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलली.

मी ओरडले, "पाणी आण!"

मुलगा परत आला. हातातली बाटली रिकामी. माझी मघाशीच संपली होती. पिशवीत दुसरी नव्हती.

"चौघांना तीन बाटल्या?"

"अगं, तिचा आज निर्जळी उपास आहे ना. तिचं कशाला उगाच वाहायचं?"

हे तो शहाण्यासारखं म्हणाला. इंजिनियर माणूस! माझा हात उठला होता, नात बघत होती म्हणून खाली घेतला.

नातीच्या बाटलीत अर्धं पाणी होतं. "ममी, ड्रिंक इट, प्लीज," ती रडायला लागली. सुनेने तोंड फिरवलं. "मोडला तर ह्यांना काही होईल."

मी बाटली मुलाच्या हातात कोंबली. "तुझ्या आयुष्यासाठी मरतेय ती. तूच पाज."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. बस खाली."

तो गुडघ्यावर बसला. पुटपुटला, "पी. मी सांगतो, पी." तेव्हा कुठे ती प्यायली. थोड्या वेळाने तिची नजर ताळ्यावर आली. उरलेलं पाणी मी तिच्या डोक्यावर ओतलं.

आणि हा म्हणतो, "आता बरी आहे ना? पुढच्या वळणावर खडकाची कमान आहे. मी पटकन जाऊन येतो."

"जा. गाडीची किल्ली इथे ठेवून जा," मी म्हटलं. "आम्ही निघतो. तू कमानीखाली राहा."

मला गाडी चालवता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो मागे फिरला. चढ चढताना त्याने तिला धरलं. मग घरी येईपर्यंत सहा तास तोंड फुगवून बसला. ट्रिप आम्ही बिघडवली म्हणे.

सकाळी सून चहा करत होती. तिने हळूच विचारलं, "आई, खरंच काही होणार नाही ना ह्यांना?"

आदल्या दिवशी आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला.

"होऊ दे की जरा," मी म्हटलं. "आधी तू पी तो चहा."