कस्तुरीला न्यायला कोण आलं?

"कस्तुरीला मारून टाकू या," ईशा मॅडम फोनवर म्हणाल्या, आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

ईशा मॅडम आमच्या चॅनलच्या क्रिएटिव्ह हेड. मुंबईत बसून मालिकेत काय घडावं ते ठरवतात. कस्तुरी म्हणजे आमच्या मालिकेची नायिका. मी त्या मालिकेचे संवाद लिहिते, जळगावात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. शूटिंग जवळच असोद्याला, एका भाड्याच्या घरात चालतं.

झालं होतं असं, की कस्तुरीचं काम करणारी प्राची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उतरताना घसरली आणि पाय मोडून बसली. प्लास्टर घालून तिला धुळ्याला तिच्या घरी पोचवलं. डॉक्टरांनी काही आठवडे उभं राहायचं नाही म्हणून बजावलं.

रोजच्या मालिकेत 'बँक' नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड. घरात आठवड्याचं पीठ दळून ठेवतात ना, तसं. आमच्याकडे कायम डब्याचा तळ दिसायचा. त्यामुळे कस्तुरी अचानक कुठे गेली, हे लगेच सांगणं भाग होतं.

"मारायचंही नको," ईशा मॅडमनी मोठ्या मनाने बदल केला. "आगीत तिचा चेहरा भाजतो. प्लास्टिक सर्जरी होते. पट्टी निघते आणि नवी मुलगी! मी दोघींना ऑडिशनला बोलावलंय."

"मॅडम, ही शेतकऱ्याच्या घरची सून आहे."

"मग? शेतकऱ्यांकडे आग लागत नाही?"

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. सेटवरच्या गोष्टी धुळ्याला पोचायला वेळ लागत नाही.

"ताई, मला जाळणार आहेत म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणताहेत. ताई, पाय काय, जुळेल. पण हा रोल गेला तर परत मला कोण विचारणार? घरच्यांना किती मुश्किलीने तयार केलंय मी."

ती रडत होती आणि मला स्वतःचाच राग येत होता. या मुलीचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं. तिला सर्जनच्या हवाली करायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

तोडगा मला भिंतीवरच्या कॅलेंडरने दिला. आखाजी आली होती. बाकी महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो आणि आंबा कापतो. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, मांडे आणि आमरस हाणतात. सुनेनं आखाजीला घरात नसणं याइतकी साधी गोष्ट इथे दुसरी नाही. मी झरझर लिहून काढलं: कस्तुरी गाडी करून माहेरी गेली, सासू शेजारणीला तसं सांगते. संपला प्रश्न. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी सेटवर वाचन होतं. निर्माते पारसभाऊ डाळमिल सोडून मुद्दाम आले होते. ईशा मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर होत्या.

"माहेरी गेली, ओके. यात ड्रामा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "हुक काय?"

हुक म्हणजे एपिसोडच्या शेवटी प्रेक्षकाला टांगून ठेवणारी खुंटी. माझ्या प्रसंगात खुंटी नव्हती, नुसती सपाट भिंत होती. मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात आमच्या कमलअक्कांनी कागद खाली ठेवला. अक्का सासूचं काम करतात. धुळ्याच्या नाटकांत उभा जन्म गेलेला. रागावल्या की प्रमाण मराठी सोडून थेट घरच्या बोलीवर येतात.

"हाई वाक्य माले जमस नही," अक्का म्हणाल्या.

"का हो?"

"आखाजीले सून एखली कशी जाई? तिले लेवाले कोन उना? मुराळी कोन शे?"

मुराळी म्हणजे लेकीला न्यायला माहेरहून येणारा माणूस, बहुधा भाऊ. तो दारात आल्याशिवाय सून निघत नाही.

"अक्का, हल्ली पोरी बसने एकट्या जातात," मी वैतागून म्हणाले. आधीच मॅडम समोर, त्यात घरचाच अहेर.

"त्या जात व्हतीन. मनी सून नही जावाव. जवय तिना भाऊ ई, तवय धाडसू."

"अहो, तिचा भाऊ कसा येईल? लग्नापासून त्यानं या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दोन्ही घरं बोलत..."

मी तिथेच थांबले. पारसभाऊ माझ्याकडे बघायला लागले. अक्काही बघायला लागल्या.

"दारात भाऊ," मी म्हणाले. "आणि त्याला आत या म्हणायला कुणी तयार नाही. एपिसोड संपला."

ईशा मॅडम पडद्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ती जाते की नाही?"

"तेच तर बघायचंय प्रेक्षकांना."

"ठीक आहे. हे चाललं तर आग कॅन्सल. नाही चाललं तर ऑडिशनवाली मुलगी सोमवारी येईल."

आता भाऊ आणायचा कुठून? भावाचं काम करणारे विलास सर चाळीसगावला शाळेत शिकवतात. त्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेतला त्यांचा भाग, केव्हाच आटोपला होता. फोन करताच ते हौसेने मिळेल त्या गाडीने आले. दारात उभे राहिले आणि पारसभाऊंनी डोक्याला हात लावला. सरांनी मिशी काढून टाकली होती!

"ट्रॅक संपला म्हणालात ना," सर ओशाळून म्हणाले. "बायकोला आवडत नव्हती."

मेकअपवाल्याने खोटी मिशी चिकटवली. पण वैशाखातलं जळगाव! घामाने दर दोन वाक्यांनी मिशीचं एक टोक सुटायचं.

तरी प्रसंग उभा राहिला. सर उन्हात दाराबाहेर, अक्का आत. 'आत या' कुणी म्हणत नाही. शेवटी अक्का पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत येतात आणि म्हणतात, "घ्या. लेकीला न्यायला आलेल्याला तहानलेलं ठेवत नाही आम्ही." सर पाणी प्यायले, आणि मिशी निघाली. त्यांनी पट्कन रुमाल तोंडावर दाबला, मान खाली घातली. हसू दाबताना त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. डायरेक्टरने कट म्हटलंच नाही.

निरोपाच्या प्रसंगाला आमच्या असिस्टंट मीनलला साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन पाठमोरी जीपमध्ये बसवली. पुढे झोकाही तिनेच घेतला, पाठमोरीच. असोद्याच्या बायकांनी गाणी म्हटली, ती मात्र खरी.

एपिसोड लागला आणि फोन सुरू झाले. बायका म्हणे भावाबरोबर रडल्या. ईशा मॅडमचाही फोन आला.

"तो रुमाल तोंडावर धरण्याचा टच! स्क्रिप्टमध्ये होता?"

"होता ना," मी म्हणाले. लेखकाला इतकं चालतं.

आग कॅन्सल झाली. मी ताबडतोब प्राचीला कळवलं. ती इतक्या जोरात ओरडली, की तिची आई धावत आल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

पायाचं प्लास्टर निघाल्यावर प्रॉडक्शनने तिला आमच्या ग्रुपवर नेहमीसारखा मेसेज केला: गाडी पाठवतोय, तयार राहा. अक्कांनी तो वाचला आणि पर्स उचलली.

"अक्का, तुमचा आज सीन नाही. कुठे निघालात?"

"धुळे. लेवाले तिना भाऊ उना व्हता. आते आनाले कोन जाई? सासूज जाई ना!"

गेल्या, आणि दुपारी प्राचीला हाताला धरून सेटवर घेऊन आल्या. पोरगी अजून जरा लंगडत होती, पण चेहरा तिचाच होता. मला भरून आलं. पारसभाऊंनी सगळ्यांना आमरस खिलवला.

तेव्हापासून एखाद्या पात्राला गोष्टीबाहेर धाडायचं झालं, की मी आधी विचारते: न्यायला कोण आलंय? मरण हा मुराळी काय, न बोलावताही येतो. लेखकाने त्याला मुद्दाम सांगावा कशाला धाडायचा?