भोंगा झाला

सोलापुरात मी जितक्या जणांना आमच्या मिलची चिमणी दाखवली, तितक्या वेळा तिची उंची वाढली. नवी पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की चादर उलगडता उलगडता मी अख्खं गाव उलगडून दाखवतो. चिमणीवरून विजापूरचा गोलघुमट दिसतो, हे माळशिरसच्या एका पाहुण्याला इतकं ठासून सांगितलं की दुसऱ्या दिवशी तो शिडीची चौकशी करत आला. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात मगर होती आणि तिला फक्त कन्नड समजायचं, हेही माझंच.

पण एक थाप मी घरात मारली, आणि तिनं मला पुरतं सोलून काढलं.

आमचे आप्पा त्याच मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटात सगळ्यांचेच कान जायचे, म्हणून तिथले विणकर हातांनी बोलायचे. आम्ही घरातही त्यांच्याशी तसंच बोलायचो. मिल बंद पडून जमाना झाला, पण अलीकडं आप्पांच्या डोक्यात ती पुन्हा सुरू झाली होती. रोज सकाळी चहा झाला की विचारायचे, अजून भोंगा कसा झाला नाही? खरं सांगितलं की जेवायचे नाहीत. शेवटी मी हातवारे करून सांगून टाकलं, की मिल पुन्हा चालू होणार आहे, भोंगा झाला की निघायचं, तोवर घरी बसा. आप्पा खूश, मीही खूश. भोंगा होणार कुठून? तो कधीच भंगारात गेला होता.

मग चिमणी धोकादायक ठरली आणि पाडायचा दिवस ठरला. आमची गल्ली मिलच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. त्या सकाळी भिंतीबाहेर दोरखंड, पोलीस आणि गच्च्यांवर माणसंच माणसं. मीही गच्चीवर उभा राहून शेजाऱ्यांना सांगत होतो, की हिच्या धक्क्यानं एमआयडीसीतले सगळे माग एकदम बंद पडतील बघा.

तेवढ्यात पाडणाऱ्या ठेकेदारानं इशाऱ्याचा भोंगा वाजवला. पहिल्या भोंग्याला लोकांनी लांब व्हायचं आणि दुसऱ्याला चिमणी पाडायची, असं त्याची माणसं आदल्या दिवशी गल्लीत सांगून गेली होती. तो आवाज खालून वर चढत गेला, अगदी जुन्या मिलसारखा. आप्पा भोंगा कानानं नाही, छातीनं ऐकतात, असं मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. मला ती माझीच थाप वाटायची.

खाली पळालो. आप्पांची खाट रिकामी. खिळ्यावरची डब्याची पिशवी गेलेली, चपलाही नाहीत. भोंग्यानं सगळं गाव मिलपासून लांब पळत होतं आणि आमचे आप्पा कामावर निघाले होते.

मागच्या भिंतीला एक खिंडार आहे. उशीर झालेले कामगार पूर्वी तिथून शिरायचे. मी पोचलो तेव्हा आप्पा आतल्या वेड्या बाभळींतून चिमणीच्या बुडाकडं झपाझप चालले होते. पोलिसानं माझं बखोट धरलं. वडील आत आहेत म्हटलं, तर तो हसला. "तुमी मगरवाले न्हवं?" म्हणाला. मग त्यानं आत बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. वॉकीटॉकीत तो थांबा, थांबा म्हणत राहिला. तिकडून नुसती खरखर.

हाका मारून उपयोग नव्हता. चिमणीजवळच्या मागांच्या शेडच्या दारात आप्पा थांबले आणि जोडीदार येतोय का बघायला मागं वळले. जुनी सवय. मी दोन्ही मनगटं डोक्यावर एकमेकांवर ठेवली आणि हात खाली सोडले. पाळी सुटली.

आप्पांनी वर बघितलं. कोवळं ऊन. सकाळची पाळी इतक्यात कशी सुटेल? ते शेडकडं वळायला लागले. मी तळहात गालाला लावला आणि पुन्हा मनगटं सोडली. रात्रपाळी सुटली, आप्पा. तुमचं काम झालं.

त्यांचे खांदे पडले. रात्रभर मागावर उभं राहिल्यासारखे ते पाय ओढत, सावकाश परत यायला लागले. मला पुढचं खरंच वाढवून सांगता येत नाही. दुसरा भोंगा सुरू झाला तेव्हा पोलिसानं आणि मी त्यांना खिंडारातून ओढून उचललं आणि पळालो. चिमणी कशी पडली, आवाज केवढा झाला, कुणी विचारलं तर मी चादरीची घडी घालायला लागतो. माझे डोळे घट्ट मिटलेले होते.

धूळ बसल्यावर आप्पांनी डबा माझ्या हातात दिला. "तू बोलतूस ते मी कवाच खरं धरत न्हाय," ते म्हणाले. "पर भोंगा झाला की."

मग बोटांनी विचारलं, उद्या कुठली पाळी?

मी हात खिशात घातले.

आता बाजारातून रुग्णवाहिका सायरन वाजवत गेली तरी मी गिऱ्हाइकापुढची चादर तशीच टाकून घरी फोन लावतो. बायकोला आधी विचारतो, आप्पांच्या चपला जागेवर आहेत का.