बंद दाराकडे साऱ्या गल्लीचं लक्ष

भाचीला धुळ्यात खोली घेऊन दिली त्याच दिवशी मी तिला नियम सांगितले. दिवसा बाहेर पडायचं नाही. कपडे आतच वाळत घालायचे. भाजी-किराणा मी आणीन. दाराला कडी कायम. कुठलंही काम असं आधी नीट लावून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा भाऊ चोपड्याकडे केळी लावतो. त्याच्या मुलीने घरच्यांना न सांगता कोर्टात लग्न केलं, आणि हा पारावर चारचौघांत बोलला, दिसली तर जिवंत सोडणार नाही. रागात बोलले, विसरतील, असं वहिनीचं म्हणणं. पण भाऊ माझा आहे. तो विसरत नाही. पोरगी आधी माझ्याकडेच शोधतील, म्हणून मी तिला माझ्या घरापासून लांब ठेवलं. तिचा नवरा गॅरेजमध्ये लागला. घरमालकीण वर राहायची. तिला खरं सांगावंच लागलं, कारण ती कागद मागत होती.

मग माझा कोणावरच विश्वास उरला नाही. दूधवाल्याने "गाव कोणतं?" विचारलं, मी दूधवाला बदलला. धुळ्याच्या गाड्या अठरा नंबरच्या, भावाकडच्या, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या, एकोणीसच्या. गल्लीच्या तोंडाशी एकोणीसची मोटरसायकल दिसली की मी न थांबता पुढे निघून जायची आणि फेरी मारून परत यायची. सगळ्यात जास्त संशय समोरच्या अक्कांचा. बाई दिवसभर ओट्यावर. हात तांदळात, डोळे आमच्या दारावर.

उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला वाटेतच गाठलं.

"तुनी पोर आजारी शे का वो?"

"नाही अक्का, तिला ऊन सोसत नाही."

"ऊन तर बठ्ठी गल्लीले लागस." त्यांनी आवाज खाली केला. "मना घर पापड व्हतात. बठ्ठ्या बाया उन्यात, तीच नई. आते बाया म्हणतस, त्या घरमा काहीतरी शे."

सगळ्या बाया आल्या, आमचीच तेवढी गेली नाही. आमच्याकडे पापड कोणी एकटी करत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. जी येत नाही तिचं भांडण असतं, सुतक असतं, नाहीतर लपवण्यासारखं काहीतरी असतं. मी वर्षानुवर्षं पापड विकत आणते. हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. इतकं जपून मी केलं काय, तर साऱ्या गल्लीची नजर एका दारावर आणून ठेवली.

भाचीला म्हटलं, "उद्यापासून लाटायला जायचं."

"आत्या, आधी म्हणालीस बाहेर पडू नको. आता सगळ्यांच्या मधे जाऊन बस म्हणतेस?"

"हो. मधे बसलेली कोणाला दिसत नाही."

"आणि कोणी काही विचारलं तर?"

"लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची. तोंड भरलं की बोलावं लागत नाही."

ती किती दिवसांनी हसली.

पहिल्या दिवशी मीही गेले. तिने डोक्यावर पदर घेतला होता. पापड मात्र भलामोठा लाटला. शेजारची ओरडली, "हाऊ पापड शे का केळनं पान?" बाया खदाखदा हसल्या. माझं लाटणं थांबलं. हिला केळीच का सुचली? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या तोंडावर पिठाशिवाय काही नव्हतं.

चारसहा घरं झाली. बाया तिला हाका मारायला लागल्या. मग पुन्हा अक्कांकडे नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड निघाले, आणि भर दुपारी एक माणूस मोबाइल पुढे धरून ओट्याशी आला. मी त्याला ओळखत नव्हते, तो मला ओळखत नव्हता. मोबाइलमध्ये माझी भाची होती, कॉलेजातली, मोकळ्या केसांची.

"ही मुलगी पाहिली का कोणी? याच गल्लीत आहे म्हणतात."

भाची त्याच्यापासून दोन पोळपाटांच्या अंतरावर बसली होती, खाली मान घालून, कोपरापर्यंत पीठ. लाटणं तिने थांबवलं नाही.

अक्कांनी मोबाइल दूर धरून पाहिला. "आठे बठ्ठ्या आमन्याच लेकीसुना शेतस. तुले लाटता येस का?"

"नाही, मी फक्त..."

"मंग सरक ना भाऊ, पापडवर सावली पडस."

बाया हसल्या. तो ओशाळून गेला, पण गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावून गल्लीतल्या एकुलत्या बंद दारावर, आमच्या दारावर, नजर ठेवून थांबला.

मी एकेकीकडे पाहू लागले. गल्ली त्याला कोणी सांगितली? अक्का माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आठे नको धुंडू. जिनी सांगं, ती आज लाटाले उनी नई."

फक्त घरमालकीण नव्हती. ती सकाळीच जळगावकडे एरंडोलला माहेरी गेली होती.

अक्कांची लेक नदीपलीकडे देवपूरला राहते. तिच्याकडे पोरीला पाठवू, असं त्याच म्हणाल्या. त्यांना कधीपासून सगळं माहीत होतं, आणि त्या हे का करत होत्या, मला कळलं नाही. विचारायला वेळही नव्हता. पापडाच्या दिवसांत या घरची भांडी त्या घरी जातातच. एकीने परात उचलली, एकीने डबा, कोणी मागच्या दाराने आणलेल्या तिच्या साड्या चाळणीखाली घेतल्या. भाची डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायांबरोबर मागच्या बोळातून रिक्षापर्यंत गेली. बोळाच्या टोकाला बाया दिसल्या तेव्हा मोटरसायकलवाल्याने मान वळवून एकदा बघितलं आणि परत आमच्या बंद दाराकडे डोळे लावले.

मी तिच्याबरोबर रिक्षात बसले आणि तिच्या नवऱ्याला गॅरेजमधून परस्पर तिकडेच यायला फोनवर सांगितलं. देवपूरचं घर आधी स्वतः पाहणार होते. रिक्षा पुलावर आली तेव्हा तिने पदर खाली घ्यायला हात वर नेला. मी तिचा हात धरला आणि मागून कोणती गाडी येते ते बघत राहिले.