आधी सी शिका

‘आधी सी शिका, मग पॅच पाठवा. इथं कुणाचा वेळ फुकटचा नाही.’

शेवटी हे इंग्रजीत लिहून मी सेंड दाबलं आणि कुकर उतरवायला उठले. मन कसं हलकं झालं होतं.

मी जळगावात, मेहरूण भागातल्या घरी बसून कर्नलचं काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याला बाहेरच्या उपकरणाशी बोलायचं तर मध्ये दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. हे सगळं सी नावाच्या भाषेत लिहितात. तापमान मोजणाऱ्या एका सेन्सरचा ड्रायव्हर माझ्याकडे आहे. जगातल्या कुणालाही त्यात दुरुस्ती सुचवता येते, तिला पॅच म्हणतात. पॅच ईमेलनं सगळ्यांसमोर येतो. मी तो तपासते आणि शेरा लिहिते, तोही सगळ्यांसमोर. गेलेला शेरा परत घेता येत नाही. आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या ईमेलच्या साठ्यात, तो कायमचा राहतो.

या कामात तिखट बोलायची जुनी रीत आहे. माझी जीभ मुळातच तिखट, त्यामुळे ती रीत मला फार लवकर जमली.

तो पॅच कुणा हिरालाल पाटील यांचा होता. खानदेशात पाटलांना काय तोटा! कोडमध्ये टॅबच्या जागी स्पेस दिलेल्या, ओळी मध्येच तुटलेल्या. आणि वर कारण म्हणून चक्क गोष्ट लिहिलेली: यावलजवळ भाच्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे, लाइट जाऊन आली की तापमानाचा आकडा गोठतो, मग कूलिंग वेळेवर चालू होत नाही आणि केळी काळी पडतात. कोड काय करतो, ते मी वाचलंच नाही. टॅबवरून फटकारलं, ‘केळ्यांच्या गोष्टी इथं नकोत’ असा टोमणा मारला आणि वरचं वाक्य जोडलं.

काही दिवसांनी डिप्लोमाच्या बॅचच्या ग्रुपवर एक फोटो आला. फोटोत आमचे एच. टी. सर. धुळ्याला त्यांनी आम्हाला सी शिकवलं. एच. टी. म्हणजे हाय टेन्शन, असं आम्ही त्यांच्या मागे म्हणायचो. पूर्ण नाव कधी कुणी विचारलं नाही. आमच्याकडे सगळे सर आद्याक्षरांवरच चालायचे. फोटोखाली बॅचमधल्या एका मित्रानं लिहिलं होतं, ‘रिटायर झाल्यावर सरांनी कर्नलला पॅच पाठवलाय! उत्तराची वाट बघताहेत.’

मी फोटो मोठा केला. सरांच्या स्क्रीनवर केळ्यांची गोष्ट होती.

एच. म्हणजे हिरालाल. माझी कानशिलं तापली. ज्या माणसानं मला सी शिकवलं, त्याला मी जगासमोर सी शिकायला सांगितलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. फोन करायची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत माफीची वाक्यं जुळवली. धुळं येईपर्यंत त्यातलं एकही धड उरलं नाही.

दार सरांच्या पत्नीनं उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा खुलला.

‘ये व माय, बठ. तूच का ती? यास्नी बठ्ठी गल्लीले सांगं, मनी पोरच तपासनार शे म्हनीसन.’

‘माझीच पोर तपासणार’ असं सरांनी गल्लीभर सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. ड्रायव्हर कोण सांभाळतं त्याची यादी असते. त्यात माझं नाव वाचूनच त्यांनी पॅच पाठवला होता.

सर बाहेर आले. मी पाया पडले.

‘सर, ते मी...’

‘चहा घे आधी,’ सरांनी मला तिथंच थांबवलं.

अक्कांनी कप पुढे केला. ‘आते तरी लवकर तपास व माय. ह्या रोज कम्प्युटर उघाडीसन बठतस. इचारं का म्हनतस, तपासी ऱ्हायनी ती, येळ लागस.’

‘ती तपासतेय, वेळ लागतो’ असं सर घरी सांगत होते! मी त्यांच्याकडे बघितलं. ते बशीत बघत होते. माझं उत्तर त्यांना केव्हाच मिळालं होतं. ते त्यांनी घरात सांगितलं नव्हतं, गल्लीत नाही, फोटो टाकणाऱ्या मित्रालाही नाही. विद्यार्थिनीची अब्रू त्यांनी झाकून ठेवली होती.

अक्का आत गेल्यावर सरांनी कम्प्युटर लावला. ‘टॅबचं तुझं बरोबर होतं. सगळं नीट केलंय. बघ.’

‘सर, मी कोड वाचलाच नव्हता.’

सरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. ‘मग आता वाच.’

वाचला. सेन्सरकडून एका वेळी एकानंच आकडा घ्यावा म्हणून ड्रायव्हर आधी कुलूप लावतो आणि काम झालं की काढतो. लाइटच्या झटक्यानं वाचन फसलं, तर माझा कोड कुलूप न काढताच निघून जायचा. मागून आकडा मागणारे सगळे प्रोग्रॅम ताटकळत, आकडा गोठलेला. सरांनी ते कुलूप काढणारी ओळ घातली होती. यावलच्या केळ्यांचं मातेरं माझ्या कोडनं केलं होतं.

‘बरोबर आहे, सर.’

‘हे तिथं लिही. मला सांगून काय उपयोग? आणि केळ्यांचं काढून टाकलंय.’

‘परत घाला, सर. कारण तेच आहे.’

सरांनी नवा पॅच पाठवला, केळ्यांसकट. मी पॅच येतात त्याच ईमेल-लिस्टवर जाहीर माफी मागितली: पॅच बरोबर, शेरा चूक, मूळ दोष माझा. पॅच कर्नलमध्ये गेला. अक्कांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला फोन केला.

‘येळ लागना, पन बेस तपासं व माय तू!’

वेळ का लागला, हे सरांनी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही. मीही त्या फोनवर ‘हो अक्का’ एवढंच म्हणाले.

आता शेरा लिहिला की आधी तो मराठीत मोठ्यानं वाचते, समोर सर बसलेत असं धरून. बरेच शेरे तिथंच गळतात. जो गळायला हवा होता, तो मात्र आर्काइव्हमध्ये आहे. सरांच्या नावानं शोधलं, तर अजूनही पहिला तोच येतो.