दोन फडकी आणि एक पूल

आमच्या खाडीवरचा जुना पूल इतका अरुंद होता की त्यावरून एका वेळी एकच गाडी जायची. त्यात मध्येच उंचवटा. इकडच्या ड्रायव्हरला तिकडून कोण येतंय ते दिसायचं नाही, तिकडच्याला इकडचं. मग दोन गाड्या बरोबर माथ्यावर नाकाला नाक लावून उभ्या राहायच्या आणि मागे कोणी घ्यायचं यावरून आईबहिणींचा उद्धार व्हायचा. मुरुडकडे जाणारी एसटी आणि चिऱ्यांचा ट्रक एकदा असेच दुपारभर अडकले होते. त्या दुपारी माझ्या आईची पाटीभर मासळी उन्हाने वाया गेली, आणि आईचं डोकं फिरलं.

आई पुलाच्या या टोकाला मासळी विकायला बसायची. त्या टोकाला मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सुकट-बोंबील घेऊन बसायची. रस्त्यावरून एक टोक दुसऱ्याला दिसत नसलं तरी कठड्याबाहेर, पाण्याच्या अंगाला बसलं की खाडीवरून सरळ दिसायचं. दुसऱ्या दिवसापासून दोघींनी लाल फडकी हातात घेतली. फडकं वर म्हणजे आपल्याकडच्या गाड्या थांबवल्या, खाली म्हणजे सोडल्या. तीन गाड्या इकडच्या, तीन तिकडच्या. एसटीला आधी वाट. आजारी माणसाची गाडी असली तर फडकं गरगर फिरवायचं, मग बाकी सगळे बाजूला. ना वर्दी, ना पगार, ना कुणाची परवानगी. पण भले भले ट्रकवाले आईसमोर मुकाट गाडी बंद करून बसायचे, आणि बसल्या बसल्या दोन वाटे मासळी घ्यायचे. आई काही अगदीच साधीभोळी नव्हती.

मग आजी गेली, आणि दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं.

आजी पलीकडे मावशीकडे राहायची. ती गेली तेव्हा पुलाची दुरुस्ती चालू होती, मधल्या गाळ्याचा स्लॅब फोडून ठेवला होता. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडला असता. राहिली होडी, पण ओहोटी होती आणि होडी चिखलात रुतलेली. भरती चढेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आई पलीकडे पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. मी तेव्हा तळा गावी शिकत होते. घरी आले तेव्हा आईने एवढंच सांगितलं, "मी हकडं काठावर वाट बगत व्हते, आन् तुज्या मावशीला भरतीपर्यंत दम निघाला न्हाय." मी ते जसंच्या तसं धरून ठेवलं. आईपेक्षाही घट्ट. माझ्या लग्नाची पत्रिका मावशीला पोस्टाने पाठवली, यावरून माझा ताठा ओळखावा. मावशी आली नाही. तिने एसटीच्या कंडक्टरकडे नारळाचं पोतं पाठवलं, ते मी परत पाठवायला निघाले होते. आईने पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

सतरा वर्षं आई पूल ओलांडून गेली नाही. पलीकडची लग्नं, बारशी, जत्रा, सगळं सोडलं. पण पूल दुरुस्त झाला त्याच दिवशी दोघींनी फडकी पुन्हा उचलली. अबोला माणसांत होता, पुलाला तो परवडण्यासारखा नव्हता. सकाळी सातला आई बसायची, डोळे बारीक करून पलीकडे बघायची आणि फडकं एकदा वर-खाली करायची. पलीकडून तसंच उत्तर यायचं. गाडी असो वा नसो. मग पाटीवरचं ओलं गोणपाट दूर व्हायचं आणि धंदा सुरू.

मी तळ्याच्या शाळेत शिकवते, शनिवारी दुपारच्या एसटीने गावी येते. आल्यावर आईशेजारी कठड्याला टेकून बसायचं हा माझा नेम. तेव्हा ऐकू यायचं ते हे असं: "आज हात जड उचलते. खांदा धरलाय वाटतं." नाहीतर, "आज उलट्या हाताने दावते. सुरीने कापलं आसल, घाई फार." एकदा दोन दिवस पलीकडचं फडकं दिसलंच नाही. आई पलीकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होती, "तकडची ती सुकटवाली बाय आली का हो बसायला?" 'माझी बहीण' असं ती एकदाही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी फडकं हललं, तेव्हा आईने तिथेच पदराने तोंड पुसलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला एक पापलेट फुकट दिलं. मला हसू आलं होतं. आज आठवलं की रडू येतं.

मग नवीन पूल मंजूर झाला. जुन्याचे खांब खालून पोखरले होते, सळ्या उघड्या पडल्या होत्या, अवजड गाडी गेली की अख्खा पूल हलायचा. तो पाडायलाच हवा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ग्रामपंचायतीत नकाशा लावून सभा झाली. दुपदरी पूल खाडीच्या आत, वरच्या अंगाला. दोन्हीकडचे रस्ते तिकडे वळवलेले, तिठ्यावर गोल सर्कल, एसटीचा थांबा पेट्रोलपंपाशी. आई जिथे बसायची तिथे नकाशात हिरवे ठिपके होते. म्हणजे झाडं. मासळीवाल्यांसाठी सर्कलजवळ पत्र्याची शेड होती, पाण्याच्या नळासकट. तेही चांगलंच होतं.

आई मागे उभी होती. तिने विचारलं, "सायेब, नव्या पुलाव गाड्या थांबवायच्या कुठनं?"

पुलाचे इंजिनिअर साहेब तरुण होते, स्वभावाने बरे. म्हणाले, "आता थांबवायलाच लागणार नाहीत, आजी. दोन्हीकडून एकदम जातील. तुम्ही आराम करा."

सगळे हसले, टाळ्याही पडल्या. आईही हसल्यासारखं करून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बघून माझ्या ध्यानात आलं. शेडमधून खाडी दिसणार नव्हती. पलीकडचा रस्ता माडांच्या मागून जाणार होता. जुना पूल बंद झाला की बहिणीचा हात दिसायचाही बंद. आईच्या हातात सतरा वर्षांत राहिलं होतं ते एवढंच.

घरी येताना मी म्हटलं, "जाऊन ये ना एकदा." तर माझ्यावरच खेकसली, "तू सांगू नको मना." मीही तिच्याच पोटची. म्हटलं, "नको जाऊस, बस फडकं धरून." दोन शनिवार आम्ही मायलेकी धड बोललो नाही.

जुना पूल बंद व्हायचा दिवस शनिवारच होता. नवीन पुलावर मांडव, फिती, माइक. जुन्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्या तोंडाशी आडवे लावायचे पिंप आणून ठेवले होते आणि दोन कामगार सावलीत वडापाव खात होते. दुपारची एसटी ही इकडून जाणारी शेवटची गाडी. मी त्याच गाडीतून येऊन उतरले. ड्रायव्हर आईच्या ओळखीचा, रोजचा. तो फडक्याकडे बघत इंजिन चालू ठेवून बसला. पलीकडून येणाऱ्या तीन गाड्या निघून गेल्या. आता आईने फडकं खाली करायचं होतं.

तिने ते केलं नाही. ती उठली, लुगडं झटकलं, पाटीवर गोणपाट ओढलं आणि फडकं तसंच वर धरून रस्त्याच्या मधोमध पुलावर चढली.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. क्षणभर बघितलं आणि इंजिन बंद केलं. "जा आजी, जा," तो म्हणाला, "सावकाश." मी पिशवी तिथेच टाकून तिच्या मागे निघाले. कठड्यावरून पलीकडे बघितलं तर मावशीचं फडकं वर गेलं होतं. तिच्या बाजूला गाड्या लागत होत्या आणि ती एकीलाही सोडत नव्हती. अख्ख्या पुलावर आम्ही दोघीच. आई एका हाताने गुडघा धरत, थांबत चालली होती. माथ्यावर आल्यावर मावशी पूर्ण दिसली. केस सगळे पांढरे. आई पुटपुटली, "एवढी म्हातारी झाली व्हय ही."

आम्ही पलीकडच्या टोकाला पोचलो तरी मावशीने फडक्याचा हात खाली घेतला नाही. दुसऱ्या हाताने आईचं मनगट धरलं आणि धबधबा बोलायला लागली. "माजी तिथी चुकली गो बाय. मना वाटलं होडी दिवे लागल्याबिगर तरंगत न्हाय. मानसं बोलली, सूर्य बुडायच्या आत आटपा. तू येळंत येशील आसं कळतं तर मी कुनाच्या बापाला ऐकलं नसतं."

भरतीचा हिशोब आजीने दोघींना शिकवला होता. अवसेपासून दिवस बोटांवर मोजायचे, ती तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. पण त्या पंधरवड्यात एकच तिथी दोन दिवस आली होती. बोटांवर मोजणाऱ्याची तिथी एकाने पुढे गेली, आणि भरती खरी चढली ती तिच्या हिशोबाच्या पाऊण तास आधी.

आई मग म्हणाली, "माजी पन तीच चुकली."

"काय?"

"मी काठाव नव्हते. आयच्या अंगाव घालायला लेकीकडची साडी आनायला घरी गेलते. म्हटलं भरतीला येळ हाय, नीट घडी घालून न्यावी. परत आले तर होडी कवाची तरंगत व्हती." ती खाडीकडे बघत पुढे म्हणाली, "मी काठाव असते तर आय दिसली असती. तुजं काय चुकलं न्हाय. मी समद्यांना खोटं सांगितलं. हिला पन."

ते ठाऊक असलेला होडीवाला कधीच वारला होता. आईने माझ्याकडे बघितलं नाही. परत पाठवायला काढलेलं ते नारळाचं पोतं मला आठवलं आणि मान वर करायची लाज वाटली.

मावशी फक्त म्हणाली, "साडी हाय अजून?"

"हाय. ट्रंकेत."

"कंचा रंग?"

"हिरवा. तिला आवडायचा तसा."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मावशीच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, आमच्या बाजूला एसटी उभी होती. थोड्या वेळाने दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. दोघींच्याही हातातली फडकी वरच होती.